हातातली गुणगुण

भुतं उतरवणाऱ्या डॉन सेरापिओच्या अंगणात त्या रविवारी अर्धं गाव लोटलं होतं. सगळ्यांचे डोळे रुफिनोच्या डाव्या हातावर. त्या हातात म्हणे त्याचा मेलेला भाऊ येऊन बसला होता.

"कान लावा, घाबरू नका!" सेरापिओ गरजला. जो कान लावी, तो पांढराफटक पडून मागं सरे. मनगटाच्या वर, कातडीखाली, कुणीतरी गुणगुणत होतं. थोरला तासिओ ऊस तोडताना असाच गुणगुणायचा.

आमच्याकडे ऊस तोडणाऱ्यांची मूत्रपिंडं ऐन तारुण्यात निकामी होतात. दोघे भाऊ डायलिसिसला शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायचे. रुफिनोच्या हाताची शस्त्रक्रिया झाली, त्याच दिवशी तासिओ गेला. भाऊ गप्प झाला आणि हात बोलू लागला. तेव्हापासून रुफिनोला ना झोप, ना भूक. नर्सनं समजावलेलं एकही अक्षर त्याच्या मनात शिरलं नव्हतं.

"तासिओबाबा, रम घे, कोंबडं घे, पण धाकट्याला सोड!" म्हणत सेरापिओनं कोपराखाली लाल दोरी करकचून आवळली. गुणगुण थांबली. "गेला! आता ते डायलिसिसचं यंत्रही नको. दोरी मात्र आठवडाभर सोडायची नाही!"

बायकांनी छातीवर क्रूस काढला. मीही त्याच खुर्च्यांवर बसणारी. बाही सारून मी पुढं झाले.

"डॉन सेरापिओ, माझ्याही हातात कुणीतरी आहे. कोण ते सांगा."

त्यानं कान लावला, डोळे मिटले. "तुझा नवरा, एदुविना! फार तळमळतोय बिचारा!"

"अहो, मी इथं आहे!" मागून माझा नवरा ओरडला. तोंडात मक्याच्या तोर्तियाचा घास होता. अंगण खदखदून हसलं.

मी शिरेवर बोट दाबलं. गुणगुण बंद. बोट उचललं, पुन्हा सुरू. "डायलिसिससाठी डॉक्टर हातातली शीर धमनीला जोडतात. रक्त जोरानं धावतं, त्याचा हा आवाज. आमच्या सगळ्यांचेच हात गुणगुणतात. दोरीनं रक्त गोठलं, तर ही वाट कायमची बुजेल. मग सुई कुठं टोचायची?"

सेरापिओ पुटपुटत आत गेला. मी दोरी कापली. रुफिनोच्या हातावर कान ठेवला. काहीच नाही. अंगणात कोंबडीसुद्धा हलेना. मग दूरवरून आल्यासारखी बारीक गुणगुण आली.

रुफिनो रडू लागला. "म्हणजे ताई, तो इथंही नाही?"

"नाही रे. तो गेला."

"त्याची खुर्ची रिकामी दिसते. मला तिथं बसवत नाही."

"मग हे आम्हाला सांग ना, लेका! दोरीला काय कळणार?"

गुरुवारी मी त्याला आमच्या रुग्णांच्या बैठकीला नेलं. मनाची डॉक्टरही असते तिथं. तो तासिओबद्दल बोलला, आम्ही ऐकलं. आता डायलिसिसला त्याच्या शेजारी, तासिओच्या खुर्चीत मी बसते.

ज्याच्या घरात असं आजारपण आहे, त्यानं शरीराइतकीच मनाचीही विचारपूस करावी. भीती वाटली तर माणसांत या, डॉक्टरला विचारा. मेलेले परत येत नाहीत. हातात गुणगुणतं ते आपलंच रक्त असतं, अजून वाहणारं.