जरतारीचा रावस

चंद्रप्रकाश परुळेकरांना मासेमारीचं वेड लागलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, वनमालाने, देवाला नारळ वाढवला होता. आधीचं वेड होमिओपॅथीचं होतं आणि ते सगळं तिच्यावरच चालायचं.

वेड पाठवलं होतं धोंडूने, म्हणजे परुळेकरांच्या धाकट्या भावाने, थेट सिएटलहून. एक लवचीक काठी आणि एक पुस्तक. तिकडचे लोक म्हणे समुद्राकाठी गुडघाभर पाण्यात उभे राहतात, गळाला पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बांधतात आणि ट्राउट धरतात. या ट्राउटच्या गळ्याखाली लाल चीर असते, म्हणून त्याचं नाव गळाकाप्या.

"आमच्या पार्ल्याच्या बाजारात सगळेच गळाकापे," वनमाला म्हणाली. पुस्तकात तसं काही नसल्यामुळे परुळेकरांनी ते ऐकलं नाही.

माशीला पिसं कोंबडीवाल्याकडून आली. चकाकी हवी होती, ती वनमालाच्या लग्नातल्या शालूच्या पदरातून आली, न विचारता. वीतभर जर उसवलेली तिला दिवाळीत दिसली. ती पदर घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अकरा रविवार झाले गोराईला जाताय. या रविवारी मी येणार. माझ्या शालूचा एक तरी मासा घरी आला पाहिजे. नाहीतर ही काठी परत सिएटलला."

रविवारी परुळेकर पँट दुमडून पाण्यात उतरले आणि देवापुढे चवरी ढाळावी तशी दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवू लागले. पहिली माशी त्यांच्याच टोपीत रुतली. दुसरी सोनूबाई कोळणीने वाळत घातलेल्या बोंबलांत.

सोनूबाईने ती सोडवून निरखली. "बाय, ही जर कुनाची?"

"माझी."

"आनि तो येडा?"

"तोही माझाच."

सोनूबाईने तिला बसायला पाटी उपडी करून दिली.

तासाभराने दोरी ताणली गेली. वनमाला वेंगुर्ल्याची. काठीचा बाक पाहूनच तिला कळलं, रावस आहे, चांगला हातभर. मनातल्या मनात तिने वाटण पाट्यावर घेतलंसुद्धा.

परुळेकरांनी मासा जवळ आणला, गळ अलगद काढला आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड समुद्राकडे केलं.

"अहो, पिशवी इकडे आहे!"

"सोडायचा असतो," परुळेकर गंभीरपणे म्हणाले. "पुस्तकात आहे. हा खेळ आहे. खायला मासे मारतात ते कोळी."

"खुळावलात काय तुमी!" वनमाला वेंगुर्ल्याच्या बोलीत ओरडली.

साडी खोचून ती चार ढांगांत पाण्यात शिरली आणि कल्ल्यात बोटं घालून तिने रावस नवऱ्याच्या हातातून काढून घेतला.

"कापून देऊ?" सोनूबाईने विचारलं.

"नको गं. घरी विळी आहे."

परतीच्या होडीत परुळेकर पिशवीकडे पाठ करून बसले. तत्त्वाचा प्रश्न होता. दुपारी कालवणाचा वास जिन्यापर्यंत पोचला, तेव्हा मात्र ते बाह्या दुमडून पानावर येऊन बसले. वनमालाने त्यांना वरण-भात वाढला.

"आणि रावस?"

"खायला मारलेला आहे तो. तुम्हाला कसा चालेल?" ती म्हणाली, आणि रावसाचं डोकं आपल्या ताटात घेऊन निवांत चोखत बसली.