तेल धरणारा डबा

भिकाजीतात्यांची एकतीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेली. शेवटची बोट सोडून ते दाभोळला परतले तेव्हा बायको मथुरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. पुतण्या गुरुप्रसाद त्यांना आपल्या घरी घेऊन आला. पडवीची खोली दिली. त्याची बायको श्रद्धा वेळच्या वेळी ताट वाढायची, औषधाची आठवण करायची. कशात काही कमी नव्हतं. फक्त दिवसभर करायचं काय, हे तात्यांना कळत नसे. धक्क्यावर जाऊन बसावं, फेरीबोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकावा, कुठला सिलिंडर कमी ओढतोय ते मनात ओळखावं आणि परत यावं.

गुरुप्रसादकडे एक जुनी डिझेल जीप होती, चारही चाकं ओढणारी. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची. त्यांना तो वरच्या कातळाच्या सड्यावर, बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत न्यायचा. उभ्या चढावरून जीप चढवायची, तशीच खाली उतरवायची. लोक ओरडायचे, व्हिडिओ काढायचे. या धंद्यात जीपचं इंजिन मात्र खंगत गेलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आणि जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली तेलात घुसू लागला. बॅक कॉम्प्रेशन, असं गॅरेजवाले म्हणतात. हा वायू तेलाची वाफ घेऊन वरच्या नळीने बाहेर पडतो आणि परत इंजिनाच्या हवेच्या तोंडात शिरतो. जीप चढावर तिरकी झाली की वाफच काय, तेलच त्या नळीत चढायचं. फिल्टर चिंब व्हायचा, मागून निळा धूर निघायचा आणि मागे बसलेली माणसं नाकाला रुमाल लावायची.

इंजिन खोलायला हवं, असं तात्यांनी सांगितलं. सीझन संपू दे, गुरुप्रसाद म्हणाला. मग तात्यांनी भंगारातून आग विझवायच्या लाल नळकांड्याचं रिकामं कवच आणलं. आत भोकं पाडलेला पत्रा बसवला, तारेची जाळी भरली, वर दोन नळ्या जोडल्या आणि खाली निचऱ्याचा छोटा कॉक लावला. वायू डब्यात शिरायचा, जाळीवर तेलाचे थेंब अडकून तळाला साठायचे आणि बराचसा कोरडा वायू पुढे जायचा. कॅच कॅन म्हणतात त्याला. धूर जवळजवळ थांबला. खाणीत येणारे बाकीचे जीपवाले बॉनेट उघडून बघायला आले. एकाने तात्यांचा फोटोही काढला. श्रद्धा त्या दिवशी म्हणाली की तात्या आज दोन वर्षांत पहिल्यांदा शीळ घालत होते.

दर रविवारी ते कॉक उघडून तेल मोजत. सुरुवातीला अर्धा कप निघायचं. पावसाळ्याआधी कपभर. गणपती झाल्यावर आठवड्याला दोन कप. तात्यांनी पुतण्याला बसवून सांगितलं की डबा तेल धरतो, रिंगा बऱ्या करत नाही. आत झिजणं चालूच आहे. आणि डबा भरला, रिकामा केला नाही, तर ते सगळं तेल एकदम हवेच्या तोंडात जाईल. मग डिझेल इंजिनाला डिझेलचीही गरज राहत नाही. ते तेलावरच धावतं, चावी बंद केली तरी.

गुरुप्रसादने सगळं ऐकून घेतलं. पण त्याच्या लक्षात एवढंच राहिलं की जीप धूर काढत नाही. दसऱ्याला त्याने ती विकायला काढली.

घेणारा मंडणगड तालुक्यातल्या पिंपळकोंड वाडीचा रावजी. वीस वर्षं मुंबईत एका कंपनीची गाडी चालवून तो गावी परतला होता. बरोबर बायको काशी आली होती आणि तिने श्रद्धासाठी परसातलं चिबूड आणलं होतं. त्यांच्या वाडीला एसटी नव्हती. रस्ता म्हणजे दीड मैलाचा उभा चढ, जांभ्याचे दगड आणि धूळ. आजारी माणूस डोलीतून खाली न्यायचा आणि रेशनचा तांदूळ डोक्यावरून वर. जीप आली की हे संपेल, असं काशी श्रद्धाला सांगत होती. सांगताना ती सारखी जीपकडे बघत होती.

त्या सकाळी गुरुप्रसादने तात्यांना डबा रिकामा करायला सांगितलं होतं. तो त्यांनी केला. रिंगांची झीज काही दिवस झाकणारं जाड तेलही भरलं. कशासाठी ते त्यांना कळलं नव्हतं असं नाही.

रावजीने जीप धक्क्यापर्यंत नेऊन आणली. क्लच, ब्रेक, स्टिअरिंग सगळं नीट पाहिलं. बॉनेटखालच्या डब्याबद्दल विचारलं तेव्हा गुरुप्रसाद म्हणाला की तो हवेचा जादा फिल्टर आहे, त्याला हात लावायचा नाही. रावजीने मान हलवली. मग तो थेट तात्यांकडे आला.

"तात्या, मी चालवणारा माणूस. इंजिनाचं मला काय कळत नाय. तुमी बोटीवरचे. तुमी सांगा, घेऊ ना?"

तात्यांनी पुतण्याकडे पाहिलं. गुरुप्रसाद रागाने बघत नव्हता. नुसता बघत होता. दारात श्रद्धा उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

"धूर नाय काढत," तात्या म्हणाले.

ते खोटं नव्हतं. रावजीला तेवढं पुरलं. काशीने पिशवीतून पुडी काढून बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, आणि दोघं दापोलीच्या रस्त्याला लागली. जीप वळणाआड जाईपर्यंत तात्या फाटकात उभे होते. संध्याकाळी फोन करून डब्याचं सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. संध्याकाळी वाटलं, उद्या. नंबर गुरुप्रसादकडे होता, आणि तो मागायचा म्हणजे कशाला हवाय ते सांगावं लागणार. सांगितलं की घरात बोलणं होणार. दुसऱ्याच्या घरात राहणारा माणूस बोलणं टाळतो. आठवडा गेला, मग महिना. तात्या मनातल्या मनात कप मोजत राहिले. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात अडीच. डबा सव्वादोन लिटरचा होता. तो भरायचा दिवस त्यांना जवळजवळ तारखेने सांगता आला असता.

कार्तिकात एका सकाळी श्रद्धा भांडी घासता घासता म्हणाली की त्या मंडणगडवाल्याचे आठवडाभर सारखे फोन येत होते, हे उचलतच नव्हते, आणि आता दोन दिवस झाले, फोनही येत नाही.

तात्यांनी सदरा घातला. पान्यांची पिशवी घेतली आणि दापोलीची एसटी पकडली. श्रद्धाने कुठे म्हणून विचारलं नाही. दापोलीला गाडी बदलून मंडणगडला पोचायला दुपार झाली. पुढे रिक्षाने फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून चढ. अडुसष्टाव्या वर्षी तो चढ त्यांनी चार ठिकाणी बसून पार केला. अर्ध्याच्या वर, एका वळणावर जीप उभी होती. चाकांना दगड लावले होते, बॉनेटवर निळं प्लास्टिक टाकलं होतं.

तात्यांनी प्लास्टिक बाजूला केलं. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पिस्टनचा तुटलेला दांडा बाहेर आला होता. हवेची नळी आतून तेलाने माखली होती. डब्याचा कॉक त्यांनी थोडा सैल केला. काळं तेल धारेने खाली आलं आणि येतच राहिलं. हे इंजिन कुणालाही दुरुस्त करता येणार नव्हतं. पान्यांची पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि प्लास्टिक पुन्हा बॉनेटवर ओढलं. मग पिशवी उचलून वर चालू लागले.

रावजीच्या अंगणात सातआठ माणसं जमली होती. खुर्चीला दोन वासे बांधायचं काम चाललं होतं. रावजीने तात्यांना ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. एवढ्या लांबून या वयात कुणी येईल असं वाटलं नव्हतं, असं तो सगळ्यांना सांगू लागला. पाणी आणवलं, पाट मांडला. मग झालेलं सांगितलं.

दहा दिवसांपूर्वी तो बाजार करून परतत होता. मागे वाडीच्या पाच बायका, काशी आणि तांदळाची पोती. त्या वळणावर चढ सगळ्यात उभा. जीप तिरकी झाली आणि इंजिन एकाएकी किंचाळायला लागलं. त्याने पाय काढला तरी आवाज वाढतच गेला. चावी फिरवली, चावी काढून हातात घेतली, तरी ते थांबेना. त्याने क्लच दाबून ब्रेकवर उभं राहून जीप धरून ठेवली आणि बायकांना उतरायला सांगितलं. धुराने काही दिसत नव्हतं. बायकांनी उड्या टाकल्या. काशी सगळ्यात शेवटी उतरली आणि जांभ्याच्या कडेवर कमरेवर पडली. पुढे दोन मिनिटांनी मोठा आवाज होऊन इंजिन आपणहून बंद पडलं.

"भूत शिरल्यासारखं झालं, तात्या. चावी माझ्या हातात आणि ती वरडत होती."

काशीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन करायला सांगितलं होतं. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून नुसतं बांधून घरी आणली होती, आणि आज परत दाखवायला न्यायची होती.

तात्यांना दार उघडं दिसत होतं. आत काशी गोधडीवर पडली होती, तोंड भिंतीकडे. त्यांनी पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला. जे सांगायचं ते त्यांनी सगळं सांगितलं. डबा कशाचा होता, कुणी बनवला, त्यात काय साठतं, तो आठवड्याला रिकामा केला नाही तर काय होतं. रिंगा आधीपासूनच गेलेल्या होत्या, हेही. त्या वेळी हवेच्या तोंडावर एक गोणपाट दाबून धरलं असतं तरी इंजिन गुदमरून थांबलं असतं, हेही ते सांगून बसले, आणि सांगितल्यावर त्यांना वाटलं की एवढं तरी पोटात ठेवायला हवं होतं.

अंगणातले हात थांबले होते. रावजी खाली बघत होता.

"मी त्या दिवशी गुरुप्रसादला नाय इचारलं," तो म्हणाला. "तुमालाच इचारलं."

आपण इंजिन शोधून देऊ, आपल्याकडे थोडं काही आहे, असं ते बोलू लागले, पण रावजी उठला होता. काशीला उशीर होईल, असं तो माणसांना म्हणाला.

चौघांनी काशीला उचलून खुर्चीत बसवलं तेव्हा ती कळवळली. तात्यांनी वाशाला हात लावला. एका तरण्या माणसाने तो हात उद्धटपणा न करता बाजूला केला. "राहू दे, तुमाला नाय झेपणार," असं तो म्हणाला. डोली उतरू लागली. तात्या मागून चालत राहिले. वळणावर जीपपाशी माणसं क्षणभरही थांबली नाहीत. एकदा खुर्ची कलंडली आणि काशीने रावजीच्या खांद्याला घट्ट धरलं. खाली फाट्यावर टेम्पो उभा होता. तिला त्यात निजवलं, रावजी शेजारी बसला, आणि टेम्पो निघून गेला. तात्यांना कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

घरी पोचल्यावर गुरुप्रसादने विचारलं, तेव्हा तात्यांनी लपवलं नाही. गुरुप्रसाद म्हणाला की जाऊन सगळं कबूल करायची काय गरज होती, आता तो पोलिसात जाईल. रावजी पोलिसात गेला नाही. त्याने काहीच केलं नाही. तात्यांनी चार वेळा फोन केला. तीनदा कुणी उचलला नाही. चौथ्यांदा रावजीने उचलला, तात्यांचा आवाज ऐकला आणि न बोलता ठेवून दिला. आपल्या साठवणीतले पैसे त्यांनी मनिऑर्डरने पाठवले. ते परत आले.

शिमग्यानंतर मंडणगडचा एक एसटी कंडक्टर त्यांना दाभोळच्या स्टँडवर भेटला. पिंपळकोंडला त्याची सासुरवाडी होती. रावजी परत मुंबईला गेला, असं त्याने सांगितलं, कुणाची तरी गाडी चालवतो. काशी काठी धरून अंगणापर्यंत येते, पुढे नाही. खुबा वाकडाच जुळला. माघात वाडीतल्या एका अडलेल्या बाईला डोलीतून खाली आणेपर्यंत वाटेतच मूल गेलं.

तात्यांनी त्या बाईचं नाव विचारलं. कंडक्टरला ते माहीत नव्हतं. त्याने घंटी मारली आणि गाडी सुटली.