अपेक्षित खडक

ते पत्र मीच लिहिलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर चिडले तर त्यात माझाही वाटा आहे हे लक्षात राहील.

आमचा धंदा रस्त्याखाली सांडपाण्याचे पाइप टाकायचा. आमचे हे चर खणतात, मी कागद सांभाळते. ह्यांचं जमिनीशी काहीतरी गूळपीठ आहे. दोनदा टाच आपटतात, पहार टोचून बघतात आणि सांगतात, इथे भराव, इथे माती, इथे पाषाण. चुकलेले मी तरी पाहिले नाहीत. धंद्यातले लोक ह्यांना पाताळ्या म्हणतात. ह्यांना ते आवडतं, पण आवडत नाही असं दाखवतात.

गोदामापासून नाल्यापर्यंत एकशेऐंशी मीटर वाहिनीचं एका सरकारी खात्याचं काम निघालं. निविदा भरण्याआधी आम्ही तो रस्ता पायी चालून पाहिला. खात्याच्या नकाशात सगळीकडे माती दाखवली होती. गोदामाच्या कोपऱ्यावर हे थांबले आणि म्हणाले, इथून पुढे चाळीस मीटर काळा पाषाण आहे. एवढं बोलून चालायला लागले. मीच हटकलं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लेखी असावं, हा माझा वीस वर्षांचा बाणा. घरी येऊन खात्याला पत्र लिहिलं की आमच्या अनुभवानुसार या ठिकाणी कठीण पाषाण लागेल, तरी आधी तपासून घ्यावे. हे दुसऱ्या कामावर होते, म्हणून 'करिता' लिहून सही मीच ठोकली. खात्याने पोच दिली, उत्तर दिलं नाही.

दर मात्र आम्ही मातीचाच भरला. पाषाणाचा भरला असता तर काम दुसऱ्याच्या घशात गेलं असतं. शिवाय करारात जादा खर्चाचं कलम होतं. खडक लागला तर जादा पैसे मिळतील, असं मीच ह्यांना समजावलं. कलम मी वाचलं होतं, पण अर्धं.

खडक लागला, ह्यांनी सांगितला तिथेच. पंधरा मीटर फोडेपर्यंत भाड्याच्या ब्रेकरने घरातली शिल्लक खाल्ली. मी जादा खर्चाचा अर्ज केला आणि पुरावा म्हणून त्या पत्राची प्रत जोडली, तीही लाल शाईने अधोरेखित करून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

करार अधिकाऱ्याने आम्हा दोघांना बोलावलं. तरुण होता, सभ्य होता. डुगडुगणारी खुर्ची त्याने स्वतःला घेतली. मग कलम वाचून दाखवलं. जादा खर्च म्हणजे अंदाजापलीकडचा खर्च, हा माझा अर्धा भाग. उरलेला भाग असा की तो अनुभवी ठेकेदाराला निविदा भरताना अपेक्षित नसलेला हवा. त्याने आमच्या पत्रावर बोट ठेवलं. तुम्हाला खडक अपेक्षित होता, तेव्हा त्याचा खर्च तुमच्या दरातच धरलेला समजायचा.

नकाशात खात्यानेच माती दाखवली त्याचं काय, असं मी विचारलं. नकाशा फक्त माहितीसाठी, खात्री ठेकेदाराने करायची, असं दुसरं कलम निघालं. म्हटलं, खात्री केली म्हणून तर पत्र लिहिलं. गप्प बसलो असतो तर?

"तर मिळाले असते," तो म्हणाला, आणि त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

काम अर्धवट सोडलं तर अनामत जप्त आणि पाच वर्षं काळ्या यादीत. पुरं करायचं तर उरलेला पंचवीस मीटर पाषाण पदरमोड करून फोडायचा. आमच्या पदरात होतं काय? एक खोदाईचं मशीन. सतरा वर्षांच्या कमाईतून घेतलेलं, त्याच्यावरच घर चालतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, इथे तर दोन्ही आम्हीच खणलेल्या.

अधिकाऱ्याने पत्र पुन्हा पाहिलं, उठून दार लोटलं.

"काकू, सही तुमची आहे. काकांना न विचारता तुम्ही हे लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तुम्ही अनुभवी ठेकेदार नाही. तुमचा अंदाज करारात मोजला जात नाही."

मूर्ख ठरायला मी एका पायावर तयार होते. कागद ओढला आणि लिहिलं की कुठूनतरी ऐकलेलं मी मनानेच खरडलं, यजमानांना त्याची कल्पना नव्हती. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं, त्याचाही राग आला. सही केली आणि ह्यांच्या सहीसाठी कागद आणि पेन पुढे सरकवलं. ह्यांनी तो दोनदा वाचला.

"हिला पाषाणातलं काही कळत नाही, हे खरं आहे," हे म्हणाले. अधिकारी खुलला. "पण खडक मी ओळखला होता."

"काका, तेवढंच म्हणू नका."

"ओळखला होता ना पण. हिला मीच सांगितलं."

मी टेबलाखालून पाय मारला. ह्यांनी पेन खाली ठेवलं. अधिकाऱ्याने माझा कागद माझ्या हातात परत दिला आणि दार उघडलं.

जिन्यात मी ह्यांना नाही नाही ते बोलले. नाक सांभाळलंत आणि मशीन घालवलंत, असंही म्हणाले. दोन मजले उतरल्यावर हे थांबले.

"माझ्याकडे दुसरं आहे काय गं?" हे म्हणाले.

राग तसाच राहिला.

मशीन शनिवारी गेलं. घेणाऱ्याने ते आमच्या दारातूनच चालवत नेलं, आणि मी पावतीवर सही करून आत आले, भांडी घासली. त्या पैशांत भाड्याचा ब्रेकर पुन्हा आला. तो दिवसाआड बिघडतो, तेव्हा हे स्वतः घण घेऊन चरात उतरतात. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

काल दुपारी मी डबा घेऊन गेले. चर इतका अरुंद की ह्यांना वळायलाही जागा नव्हती. खडकाला तळवा लावून हे बराच वेळ उभे होते. मी वरून सांगितलं की नाल्यापलीकडच्या टप्प्याची निविदा निघालीय. थोडक्या खोलीचं काम आहे, मशीनशिवाय जमेल.

"हा पाषाण नाल्याखालून तसाच पुढे जातो," हे म्हणाले. "पार शाळेपर्यंत."

मी सवयीने वही काढली.

"लिहू नको," हे खालून म्हणाले. "आपल्याला माहीत नाही."

आणि घण उचलला. मशीन गेलं त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं.