सफरचंदाला घातलेला मोजा

मी उजव्या पायाचा मोजा बोलतोय. लोकरीचा, करडा, अंगठ्यापाशी भोक पडलेला. त्या भोकापायी एका झाडाचा जीव जायची वेळ आली होती, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

माझे मालक घड्याळजी. दुकान मुलाच्या हवाली केलं आणि परसातल्या एकुलत्या एक सफरचंदाच्या झाडामागे हात धुऊन लागले. दरवर्षी फळं धरायची, दरवर्षी त्यांत अळी शिरायची, आणि अळीमागोमाग कूज. मालक डोळ्याला भिंग लावून पान न् पान तपासायचे, साबणाचं पाणी मारायचे, मुंग्यांना दम भरायचे. उपयोग शून्य.

मालकीणबाईंना कपडे वाळत घालायला नेमकी तीच उन्हाची जागा हवी होती.

"अहो, या वर्षी एक तरी धड फळ दाखवा. नाहीतर कुऱ्हाड!"

फळावर मोजा चढवला की पतंगाला अंडी घालता येत नाहीत, असं मालकांना कुठूनसं कळलं. झालं! घरातले झाडून सगळे मोजे झाडावर गेले. मालक बिनमोज्यांचे बूट घालून फिरू लागले. फाटकाशी कुणी थबकलं, तर गंभीरपणे सांगायचे, "गारठा बाधतो हो त्यांना."

माझा जोडीदार, डावा, शेजारच्याच फळावर होता. नऊ वर्षं आम्ही एकमेकांच्या पुढेमागे चाललो. निवांत शेजारी असे पहिल्यांदाच लटकलो. पण पावसात तो भिजला तो वाळलाच नाही. आतलं फळ तपकिरी पडलं. कूज पसरू नये म्हणून मालकांनी ते त्याच्यासकट पुरलं. मला फार वाईट वाटलं.

बाकीची फळं वाऱ्याने पडली. उरलं माझ्या पोटातलं. मालक रोज मला चाचपून "शाबास रे!" म्हणायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण माझ्या भोकातून अळी केव्हाच आत गेली होती. केसाएवढी स्प्रिंग दिसणाऱ्या माणसाला स्वतःच्या मोज्याचं भोक दिसलं नव्हतं!

शेवटी मला उतरवलं. फळ बाहेरून लालबुंद. बाईंनी सुरी चालवली. मधोमध अळी, अगदी घरच्यासारखी पसरलेली.

"कुऱ्हाड माळ्यावर आहे," मालक खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी किडका भाग काढून टाकला आणि उरलेली फोड तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या.

"गोड आहे हो."

मग मला उचलून त्यांनी भोकातून बोट बाहेर काढलं आणि मालकांच्या नाकासमोर नाचवलं. "आणि हे कोण शिवणार होतं? अळी?"

त्याच दुपारी त्यांनी मला रफू केलं. कपड्यांची दोरी आता झाडालाच बांधली आहे.

बाबांनो, मोजा पायात घाला की फळाला, आधी उजेडात धरून बघा. एवढंच मागणं.

डाव्याला पुरलं तिथे परवा एक कोंब आलाय. मालक भिंग लावून म्हणाले, सफरचंदाचा आहे. म्हणोत बापडे. मी मात्र मोज्याचाच धरून चाललोय.