डोंगर चढणारे ओढे

"ह्या सगळ्या पट्ट्यात पाणी खालून वर चाललंय," पडद्यावरच्या लाल बाणांकडे बोट दाखवत मुख्य कार्यालयाचे साहेब म्हणाले, आणि अख्खी बैठक खो खो हसली.

मीही हसले असते. पण ते ओढे आमच्या ह्यांचे होते.

बैठक होती देशभराच्या पाण्याच्या नकाशाची. नद्या, ओढे, तळी, कालवे, सगळं एकाच नकाशात भरायचं आणि सगळ्या खात्यांनी मिळून तो सांभाळायचा. त्यासाठी पाटबंधारे, वन, रस्ते आणि आमचं सर्वेक्षण खातं टेबलाभोवती जमलं होतं. हा नकाशा हवा असतो सगळ्यांनाच. पूर कुठे येईल, पूल कुठे बांधायचा, पाणी कुठून आणायचं, जो तो त्यातच बघतो. मात्र दुरुस्तीला माणूस द्यायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा चहाच्या कपात.

साहेब खोटं बोलत नव्हते. कम्प्युटरवर ओढ्याची रेघ ज्या टोकाकडून काढायला घ्याल, त्या टोकाकडून पाणी वाहतं असं ते यंत्र धरून चालतं. नदीकडून रेघ काढली की त्याच्या मते पाणी डोंगर चढतं. मग पुराचा हिशेब केला की गाव कोरडं आणि डोंगराचा माथा पाण्याखाली.

"तर हे दुरुस्त कोण करणार?" साहेबांनी विचारलं.

"आमचा माणूस बदलून गेला," वनखात्याचे अधिकारी म्हणाले. रस्तेवाल्या बाई म्हणाल्या, "आमचा संबंध फक्त पुलाखालच्या पाण्याशी." पाटबंधारेवाल्यांनी पत्र पाठवायला सांगितलं. राहिल्या आमच्या मॅडम. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण समंजस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे खरंच कुणी नाही, सर."

"मग जुन्या रेघा काढून टाकू. उपग्रहाच्या चित्रावरून यंत्र नव्या काढून देईल. झाडांखालचे बारीक ओढे त्याला दिसत नाहीत, तेवढे जातील. नाइलाज आहे."

तेवढे जातील! ह्यांची सगळी नोकरी त्या 'तेवढ्यात' होती.

"एक बटण दाबून सगळे उलटवता येत नाहीत का?" मी विचारलं.

"येतात ना. पण प्रत्येक रेघ माणसाच्या नजरेखालून जायला हवी. एखादी मुळात बरोबर असली तर तीही उलटी व्हायची."

"मग मी बघते."

"तुम्ही रिटायर होताय ना, ताई?" मॅडम हळूच म्हणाल्या.

"होतेय. अजून झाले नाही."

बैठक सुटल्यावर मी वनखात्याच्या अधिकाऱ्यांना जिन्यात गाठलं. "साहेब, तुमच्या जंगलातल्या चौकीला पाणी कुठून येतं?"

"वरच्या ओढ्यातून. का हो?"

"तो झाडांखालचा. तो जाणार. उद्या तुम्ही तिथे टाकी बांधायला मंजुरी मागाल, तेव्हा नकाशात ओढाच नाही म्हणून आम्ही कळवू."

ते हसले, पण सोमवारपासून एक कारकून धाडला. वनखात्याने माणूस दिला म्हटल्यावर रस्तेवाल्या बाईंना राहवेना, त्यांनीही दिला. खात्यांचं हे जावाजावांसारखं असतं. मी दोघांना सपाटीकडचा भाग वाटून दिला आणि डोंगराचा पट्टा स्वतःकडे ठेवला.

खात्यात ह्यांना सगळे 'चढण' म्हणायचे. बाकीचे सर्वेक्षक जीपने माथ्यावर जायचे आणि ओढ्याच्या कडेकडेने मोजत खाली उतरायचे. हे मात्र ओढा नदीला मिळतो तिथे उभे राहायचे आणि वर चढत जायचे. मी तेव्हा नकाशाघरात नवीन होते. ह्यांनी पेन्सिलीने आणलेलं मी निळ्या शाईने पक्कं करायचं. ह्यांच्या बुटांचा चिखल फरशीभर व्हायचा, आणि शिपाई बोलायचा मला.

"उतरत का येत नाही तुम्ही? दम तरी लागायचा नाही," एकदा मी वैतागून विचारलं.

"उतरताना माणूस सुसाट खाली येतो. बाजूचे फाटे राहून जातात. चढताना प्रत्येक फाट्यापाशी थांबावं लागतं."

ह्या उत्तरावर मी भाळले, असं माझी बहीण अजून सांगत सुटते. मी कबूल करत नाही. पण त्या दिवशी फरशी मी स्वतः पुसली होती, हे खरं.

कागदावर काही बिघडलं नाही. निळ्या रेघेला शेंडा-बुडखा नसतो. पुढे कम्प्युटर आले आणि प्रत्येकाने आपापले ओढे त्यात भरायचे ठरलं. हे जीभ दातांत धरून, माउस कोंबडीसारखा घट्ट पकडून बसायचे आणि चालले होते तसेच काढायचे, खालून वर.

"अहो, उलटं होतंय ते."

"पाण्याला कळतं कुठं जायचं ते. त्याला काय शिकवायचंय?"

मी भांडले, अबोला धरला. रेघा होत्या तशाच राहिल्या. नंतर हे निवृत्त झाले, गुडघे गेले, आणि आता खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात.

बैठकीहून घरी आल्यावर मी पर्स ठेवायच्या आत सांगून टाकलं. "तुमचे ओढे उलटवायचेत."

"कोण म्हणतं?"

"यंत्र म्हणतं. मीही म्हटलं होतं."

त्यांनी रेडिओ बारीक केला. "म्हणजे आयुष्यभर चुकलोच म्हण की मी."

"आयुष्यभर नाही हो. फक्त कम्प्युटरवर."

हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "काढून टाका म्हणावं सगळे," एवढं बोलून त्यांनी रेडिओ मोठा केला. मला माझ्याच जिभेचा राग आला.

रविवारी मॅडमच्या परवानगीने ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. रेघ बघायची, खात्री करायची, उलटवायची, पुढची घ्यायची. हे वर्तमानपत्राआड. पान मात्र उलटत नव्हतं.

"कुठला चाललाय?" पेपराआडून आवाज आला.

"जुन्या बंधाऱ्यामागचा."

"त्याच्या मधल्या फाट्यात बूट वाहून गेला माझा."

"ठाऊक आहे. एका पायात बूट घालून ऑफिसात आला होतात. सगळी बायकामाणसं बघायला आली होती."

पेपर खाली आला. मग खुर्ची सरकत सरकत माझ्या शेजारी आली. "वरून घे," ते म्हणाले. "उगमापासून."

ह्या ओढ्यांवरून हे कधी खाली उतरलेच नव्हते. वर पोचलं की जीप उभी असायची, परत यायचं ते रस्त्याने. आता ते डोळे मिटून उतरू लागले. "इथं करवंदीची जाळी. जपून. आता डावीकडून दुसरा येऊन मिळेल. इथं सावली इतकी दाट की दुपारीही पाणी पायाला झोंबतं." मी बाण उलटवत होते आणि ते उतरत होते. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मधे दूध उतू गेलं, तरी मी उठले नाही.

शेवटचा राहिला तो आमचा. लग्नानंतर हौसेने मला उगम दाखवायला घेऊन गेले होते. दिवसभर चढून गेल्यावर बघते तर तळहाताएवढी ओली माती! "एवढंच?" मी म्हटलं होतं. ह्यांनी बोटाने माती उकरली आणि म्हणाले, थांब जरा. त्या खळग्यात पाणी साठेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसून राहिलो होतो.

"रुसली होतीस तू."

"चप्पल नवी होती माझी."

ते पडद्याकडे बघत राहिले. "हा उलटवला की झालं?"

"झालं. मग सगळे नकाशात राहतील."

"आणि आपण चढून गेलो होतो, ते कुठं दिसणार?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण इतक्या वर्षांत ह्यांना माझं खोटं कधी पचलेलं नाही.

"कुठंच नाही हो."

"बरं," ते म्हणाले. मग माझा हात बाजूला सारून ते बटण त्यांनी स्वतःच दाबलं.