बरगडीतून नाकात

मित्रांनो, तुमचा कान जरा चिमटीत धरून पाहा. हाडासारखा घट्ट, तरी वाकवला की वाकतो ना? ती आमचीच भावकी. मी एक जुनी कूर्चा आहे. थायलंडातल्या राचबुरीच्या बाजारात मिरचीचा ठेचा विकणाऱ्या विलाईच्या छातीत, उजव्या बरगडीच्या टोकाशी माझा जन्म झाला.

तिथले दिवस आठवले की मला अजून गुंगी येते. श्वास आत आला की आम्ही सगळ्या हलकेच वर उचलल्या जायचो, बाहेर गेला की खाली यायचो. पलीकडे हृदयाचे ठोके चालू असायचे. उजेड माहीत नव्हता, वास माहीत नव्हता. बरगडीच वाकडी, म्हणून मलाही किंचित वाकून बसायची सवय लागली. माझं जग एवढंच होतं आणि मला ते पुरत होतं.

वर नाकात मात्र वेगळंच चाललं होतं. चेहरा पाहून भविष्य सांगणारा एक म्हातारा विलाईला म्हणाला, "समोरून नाकपुड्या दिसतात तुझ्या. आलेलं नशीब तिथूनच गळून जातं." आमच्या बाजारात असलं बोलणं कुणी हसण्यावारी नेत नाही. शेजारच्या मासेवालीने नाक उंच करून घेतलं होतं आणि तिच्याकडे गिऱ्हाईक वाढलं होतं. मग विलाईनेही नाकात सिलिकॉनची पट्टी बसवून घेतली. थोडे दिवस कौतुक झालं. पुढे शेंडा लाल झाला आणि कातडी पातळ होऊन पट्टी आतून डोकावू लागली. ती काढून दुसरी घातली, तीही पिकली. दुसरीही काढली तेव्हा नाक आक्रसून आखूड झालं होतं. नाकपुड्या आधीपेक्षा जास्त दिसत होत्या आणि आतली वाट बुजली होती.

विलाई तोंडाने श्वास घेऊ लागली. ती मिरच्या भाजायला बसली की सगळी गल्ली खोकत सुटायची आणि ही शांतपणे परतत राहायची.

"अगं बाई, नाक आहे का दगड?" मासेवाली विचारायची.

विलाई हसायची, पण तोंडावरचा मास्क काढायची नाही.

तिला खरं लागलं ते घरात. आमच्याकडे पापा ओठांनी घेत नाहीत. गालाला नाक लावायचं आणि श्वास आत ओढायचा, चांगला आवाज येईल असा. विलाईची लहानगी बैतोंग शाळेला निघताना रोज गाल पुढे करायची.

"आई, तू खोटं खोटं घेतेस," एक दिवस ती म्हणाली.

"खोटं कसं? नाक लावलं की."

"आवाज कुठे आला? आजीचा येतो."

दुसऱ्या दिवसापासून बैतोंग गाल आजीकडे करू लागली. विलाईने नुसतं दप्तर तिच्या हातात दिलं. पण छातीतला श्वास मध्येच थांबला आणि आम्ही सगळ्या तशाच लटकून राहिलो. मला फार वाईट वाटलं.

शेवटी ती डॉक्टर सिरीकुन यांच्याकडे गेली. त्यांनी आधी नाकाला वर्षभर विश्रांती द्यायला लावली. मग म्हणाल्या, "आता बाहेरचं काही नको. तुमच्याच बरगडीतली कूर्चा घेऊ."

"दोनदा हात पोळले, तरी हौस फिटली नाही?" आजी करवादली. "आता बरगडीही द्यायची?"

"उंच नको गं मला, आई," विलाई म्हणाली. "बैतोंगचा वास येऊ दे, बास."

मग एकदम उजेड झाला. मला खारट पाण्याच्या वाटीत ठेवलं आणि मी सवयीने वाकले. डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "ही जुन्या घराकडे वळते," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या कडा तासल्या आणि मधला सरळ भाग तेवढा ठेवला. त्यातली मी नाकाच्या मधोमध खांबासारखी उभी राहिले. माझे दोन तुकडे आतली वाट उघडी धरायला लागले.

पुढचे दिवस स्वप्नासारखे गेले. हृदयाचा आवाज इथवर नीट पोचत नव्हता. डोळा लागला की मला तो ऐकू यायचा आणि वाकावंसं वाटायचं. पण मी वाकले असते तर विलाईचं नाकही वाकलं असतं. म्हणून मी उभी राहिले.

एके सकाळी आजी मिरच्या भाजायला बसली आणि काहीतरी तिखट, जळजळीत माझ्या अंगावरून आत गेलं. माझ्या आयुष्यातला पहिला वास! विलाई अशी शिंकली की मी मुळापासून हादरले. ती आरशाकडे धावली. मी सरळ होते.

"आई शिंकली!" बैतोंग नाचू लागली.

"हो का? मग ढोल लावा," आजी म्हणाली आणि पदर नसल्यामुळे हाताच्या पाठीने डोळे पुसले. मिरच्यांमुळेच असेल.

नाक दाबायची परवानगी मिळायला आणखी काही महिने गेले. त्या दिवशी विलाईने बैतोंगला जवळ बोलावलं. पोरीने गाल पुढे केला, पण जरा उपकार केल्यासारखा. विलाईने नाक लावलं आणि श्वास ओढला. पावडर, घाम, आंब्याबरोबर खाल्लेला चिकट भात, सगळं माझ्या जवळून आत गेलं. आवाजही आला.

बैतोंगने गाल चाचपून पाहिला. मग म्हणाली, "हा खरा होता. आता इकडे."

दुसरा गाल झाला, कपाळ झालं. शेवटी विलाईने तिच्या छातीवर नाक खुपसलं आणि ते तसंच राहू दिलं. मित्रांनो, तिथे मला पुन्हा ठोके ऐकू आले. लहान होते, घाईचे होते, पण ओळखीचे होते.

आता बैतोंग मोठी झाली आहे. परवा ती आरशासमोर नाकाचा शेंडा चिमटीत धरून उभी होती. समोरून नाकपुड्या दिसतात, असं तिलाही कुणीतरी सांगितलं होतं. विलाई मागे येऊन उभी राहिली.

"हे माझंच जुनं नाक आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे होतं तेव्हा मला सांभाळता आलं नाही. तू तरी जप."

बैतोंगने चिमूट सोडली आणि गाल पुढे केला.