आडव्या रेषा

पहिल्यांदा स्क्रीनवर आडव्या रेषा दिसल्या तेव्हा मी माझ्या सहाय्यकावर, मुझम्मिलवर खेकसले. अणुकेंद्राच्या प्रयोगांसाठी आम्ही डब्याएवढा डिटेक्टर बनवत होतो. कण ज्या वाटेने जातो ती वाट तो रेषेने दाखवतो. चाचणीत आकाशातले कण वरून खाली यायला हवेत, आणि या रेषा दाराकडून येत होत्या. "कचरा आहे, गाळून टाक," मी म्हटलं. त्याने गाळला. डिटेक्टर शहाण्यासारखा वागू लागला आणि मी खूश झाले. मूर्ख बाई.

बाराव्या दिवशी गाळण काढून पाहिली. रेषा मागे वाढवल्या की साधारण एका जागी मिळत होत्या, आणि ती जागा चालत होती. सकाळी दाराशी, दहाला खिडकीपाशी, जेवणाच्या सुट्टीत गायब. आता ती माझ्या डावीकडे होती. तिथे आमचा फिटर महादेव फ्रेमचे स्क्रू पिळत बसला होता.

"महादेव, खिशात काय आहे?"

त्याने बोटभर स्टीलची तार काढली. टोकाला चकचकीत नळी. "ह्यो? ओळंबो, मॅडम. थंय अस्कर गावच्या भंगार बाजारात गावलो. फ्रेम वाकडी म्हणान तुमी ओरडलात ना?"

"ठेव तिथे! मागे हो! सगळे बाहेर!" वेल्डिंगचे सांधे तपासायचा किरणोत्सारी तुकडा होता तो. मी फक्त चित्रात पाहिला होता.

हॉस्पिटलकडे जाताना गाडीत त्याने सांगितलं, मांडीवर लाल चट्टा आहे, घामोळं म्हणून पावडर लावतो. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरांक दोनच दिस सांगा. मोठा आजार निघालो तर व्हिसा खलास, परत गावाक धाडतले." मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टर लाईबांनी विचारलं, "कितने दिन से?"

"दो दिन," महादेव म्हणाला आणि विनवणीने माझ्याकडे बघत राहिला.

मी लॅपटॉप उघडला. मुझम्मिलने गाळलेलं पुसलं नव्हतं. प्रत्येक रेषेवर तारीख होती, वेळ होती.

"बारह दिन," मी म्हटलं. "रोज आठ घंटे."

लाईबांनी पेन खाली ठेवलं. "और बाकी सोलह घंटे?"

महादेव हिंदी विसरून माझ्याकडे वळला. "पँट घडी करून उशीखाली ठेवतंय, मॅडम. बाजूक लेक निजता. चार वर्सांची आसा."